मोरी तुंबते कुठं आणि का?

आज मी मोरीबद्दल बोलणार आहे. हसू नका. मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत मी सहज विचारलं, की गेल्या वर्षभरात कोणाकोणाची मोरी तुंबली. एकीचाही हात खाली राहिला नाही. मग विचारलं, कोणी काय केलं? तेव्हा जी उत्तरं आली, ती ऐकून वाटलं, हा विषय रेडिओवर घ्यायलाच पाहिजे. कोणी ॲसिड ओतलं होतं, कोणी सळई घातली होती, कोणी अगरबत्ती लावून वास झाकला होता. मी स्वतः काय केलं होतं, ते आधी सांगते.

आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. सहा वर्षांमागं महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता. आपल्याकडे महालक्ष्म्या म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. पुरण, आंबील, कढी, वडे, सोळा भाज्या, आणि पंगतीला चाळीस माणूस. दुपारी एकच्या सुमारास सिंकमध्ये पातेलं विसळलं, तर पाणी जाण्याऐवजी मोरीच्या जाळीतून वर आलं. पुरणाचं, तेलाचं, साबणाचं काळपट पाणी. सासूबाई दारातून ओरडल्या, "काऊन वं, मोरीतून पाणी वर येऊन राह्यलं! सवाष्णी बसल्या ना तिकडं!" मी घाबरले. पोराला दुकानात पिटाळून कास्टिक सोड्याचा पुडा आणवला, अख्खा मोरीत रिकामा केला आणि वरून चुलीवरचं उकळतं पाणी ओतलं.

ते पाणी उसळलं बायांनो. दुधासारखं वर आलं आणि माझ्या डाव्या मनगटावर उडालं. बांगड्यांच्या खाली ते अडकून राहिलं. तो डाग आजही आहे. आणि मोरी? ती आणखी घट्ट बसली. संध्याकाळी शेजारच्या मुलानं मदत म्हणून लोखंडी सळई घातली. आत पाइपाचा बेंड फुटला, आणि सळई बाहेर ओढताना कास्टिकचं पाणी त्याच्या डोळ्याजवळ उडालं. भरपूर पाण्यानं डोळा धुतला, रातोरात डॉक्टरकडे नेलं. डोळा वाचला. पण ती रात्र मी विसरले नाही. दुसऱ्याच्या लेकराचा डोळा माझ्या घाईनं जात होता.

त्यानंतर मी ठरवलं, की ही मोरी नेमकी तुंबते कुठं आणि का, ते समजून घ्यायचं. गवंड्याला विचारलं, हार्डवेअरच्या दुकानात विचारलं, आणि मुख्य म्हणजे स्वतः खोदून पाहिलं.

पहिली गोष्ट, मोरी एकाच कारणानं तुंबत नाही. त्यामुळे उपायही एकच नसतो. आधी अडकलंय कुठं, ते पाहायचं. सिंकमधलं पाणी हळू जातं, पण खालच्या मोरीत ओतलेलं पाणी सपकन जातं, तर अडथळा सिंकच्या खालीच आहे. सिंकमध्ये ओतलं आणि मोरीच्या जाळीतून वर आलं, तर अडथळा दोन्हींच्या पुढं, बाहेर जाणाऱ्या पाइपात आहे. आमचं तेच होतं. बाहेर चेंबर असेल तर झाकण उचलून पाहा. घरात पाणी साचलंय आणि चेंबर कोरडं आहे, तर अडथळा घर आणि चेंबरच्या मध्ये. चेंबरच काठोकाठ भरलंय, तर घरात कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, अडलंय त्याच्या पुढं, नालीकडे. एवढं पाहायला दोन मिनिटं लागतात. आम्ही ती दोन मिनिटं न देता पुडा ओतला.

आता सिंकखाली अडलं असेल तर काय करायचं? सिंकच्या खाली एक वाटीसारखा भाग असतो, त्याला दुकानात बॉटल ट्रॅप म्हणतात. त्यात थोडं पाणी नेहमी साचून राहतं आणि ते मुद्दाम ठेवलेलं असतं. त्या पाण्यामुळं नालीचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. मोरीच्या जाळीखाली जो नहाणी ट्रॅप असतो, त्याचंही काम तेच. कित्येक घरांत वास येतो म्हणून बाया रोज फिनाईल ओततात, आणि खरं कारण एवढंच असतं, की मोरी बरेच दिवस वापरली नाही, ट्रॅपमधलं पाणी सुकलं. तांब्याभर पाणी ओतलं की वास बंद. बॉटल ट्रॅपखाली बादली ठेवा, हातानं फिरवून वाटी खोला, आतला गाळ बादलीत पडू द्या, वाटी घासा, रबरी वायसर जागेवर आहे ना ते पाहा, आणि परत लावा. एकच सांभाळा. खोललेली वाटी धुवायला त्याच सिंकचा नळ सोडू नका. माझ्या जाऊबाईंनी सोडला होता. पाणी सरळ पायावर.

काही घरांत ट्रॅप नसतोच, नुसता घडीचा प्लास्टिक पाइप सिंकपासून मोरीपर्यंत लोंबत असतो. त्याच्या प्रत्येक घडीत तेल आणि पीठ बसतं. तो वर्षातून दोनदा काढून धुवावा, आणि फार जुना झाला असेल तर बदलावा. तो स्वस्त असतो. त्याच्यासाठी पुडा आणू नका.

मोरीचा नहाणी ट्रॅप साफ करताना जाळी उचलायची, आतली वाटी काढायची आणि हातात जाड पिशवी किंवा मोजे घालून गाळ बाहेर काढायचा. बाहेर. आपली सवय असते काडीनं तो पुढं ढकलायची. पुढं ढकललेला गाळ पाइपात जाऊन बसतो आणि मग तिथं हात पोचत नाही. मोरीतच पोरं आंघोळ करत असतील, तर गाळात केस निघतील. केस आणि तेलकट साबण एकत्र झाले की दोरखंड तयार होतो.

ह्यानं काम झालं नाही तर रबरी पंप. लाकडी दांड्याला रबराची वाटी लावलेली असते तो. त्यात बाया दोन चुका करतात. एक, कोरड्या मोरीत तो दाबतात. रबराची वाटी बुडेल एवढं पाणी पाहिजे, नाहीतर नुसती हवा दाबली जाते. दुसरी चूक, सिंक आणि मोरी एकाच पाइपाला जोडलेल्या असतात, आणि आपण एकीकडे पंप मारतो तेव्हा जोर दुसरीकडून निघून जातो. म्हणून दुसऱ्या तोंडावर ओला कपडा घट्ट कोंबून कोणाला तरी धरायला सांगा. मग पंधरा-वीस वेळा खालीवर करा, आणि दाबण्यापेक्षा ओढण्यावर जोर द्या. अडकलेलं बहुधा ओढण्यानं सुटतं.

बाहेरच्या पाइपासाठी आपल्याकडं एक अवजार फुकट पडलेलं असतं, ते म्हणजे ठिबकची जुनी नळी. कपाशीच्या नाहीतर संत्र्याच्या वावरातून काढलेली लॅटरल. ती वाकते पण मोडत नाही, आणि पोकळ असते. तिचं एक टोक नळाला किंवा मोटरच्या पाइपाला बांधा, दुसरं टोक चेंबरच्या बाजूनं, म्हणजे खालून वर, घराकडं सारत न्या आणि पाणी सोडा. अडकलेला गाळ सुटला की उतारानं चेंबरकडंच येतो. वरून खाली ढकललं असतं तर तो आणखी घट्ट झाला असता. लॅटरल नसेल तर सायकलच्या ब्रेकची जुनी तार किंवा बांबूची लवचिक कमची चालते. सळई मात्र नको. पी.व्ही.सी.चा बेंड सळईनं फुटतो, आणि फुटलेला बेंड जमिनीखाली झिरपत राहतो. आपल्याला कळतं ते भिंत ओली झाल्यावर.

आता कास्टिकबद्दल, कारण माझं मनगट त्याचंच आहे. आपल्यातल्या कितीतरी गटांनी साबण बनवायचं शिक्षण घेतलं आहे. साबण कसा होतो? तेल आणि कास्टिक. आता विचार करा, पाइपात तेल थिजून बसलंय, त्यावर तुम्ही कास्टिक ओतलं. काय होणार? साबणच होणार. गोड्या पाण्यात तो साबण विरघळून वाहून जाऊ शकतो. पण आपलं पाणी खारं आणि जड. साबण करताना साबण वेगळा पडावा म्हणून त्यात मीठ घालतात, हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. खारं पाणी पाइपात तेच करतं. साबण विरघळायच्या ऐवजी गोळा होऊन बसतो. शिवाय अख्खा पुडा थोड्या पाण्यात पडला, तर कास्टिक स्वतःच दगडासारखं घट्ट होतं. आमच्या मोरीत हे दोन्ही झालं होतं. पाइप फोडला तेव्हा आतून पांढरा, चुनखडीसारखा गोळा निघाला.

उसळी का आली, तेही सांगते. कास्टिक पाण्यात पडलं की आपोआप तापतं. त्यावर उकळतं पाणी पडलं, तर ते एकदम उकळून बाहेर येतं. जर्मनच्या पातेल्याला कास्टिक लागलं तर पातेल्याला भोकं पडतात आणि निघणारा वायू पेट घेणारा असतो, म्हणून चुलीजवळ तर मुळीच नको. आणि एक गोष्ट सगळ्यात मोठी. एका औषधावर दुसरं औषध ओतायचं नाही. कास्टिकनं सुटलं नाही म्हणून वर ॲसिड ओतलं, तर ते अंगावर उसळतं. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या मोरीत संडासचं ॲसिड ओतलं, तर पिवळसर विषारी वायू निघतो, क्लोरीन. लहानशा बंद मोरीत तो छातीत बसतो. असं झालंच तर काही न आवरता आधी बाहेर मोकळ्या हवेत पळा.

कास्टिक किंवा ॲसिड अंगावर उडालं तर बांगड्या, कपडे काढा आणि वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. घड्याळ लावून वीस मिनिटं, कारण आपल्याला दोन मिनिटं झाली की पुरे वाटतं. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून तेवढाच वेळ पाणी सोडा आणि लगेच दवाखान्यात जा. लिंबू, व्हिनेगर, हळद, टूथपेस्ट, काही लावू नका. लेकरानं तोंडात घातलं तर उलटी करवू नका, कारण जाताना जाळलेलं येताना परत जाळतं. तोंड धुऊन पुड्यासकट दवाखान्यात न्या. आणि पुडा मुळात घरात ठेवूच नका. तो मिठासारखा दिसतो.

खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतायचा उपाय हल्ली मोबाईलवर फार फिरतो. त्यानं फेस छान येतो. थोडा वास जातो, थोडा वरवरचा थर सुटतो, पण खरंच तुंबलेली मोरी त्यानं सुटत नाही. दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं जवळजवळ साधं पाणीच. त्यापेक्षा धुण्याचा सोडा बरा. मूठभर धुण्याचा सोडा बादलीभर गरम पाण्यात विरघळवून आठवड्यातून एकदा ओता, तेलाचा थर बसत नाही. पाणी किती गरम? आंघोळीच्या पाण्यापेक्षा थोडं जास्त. उकळतं नाही. पी.व्ही.सी.चा पाइप ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, वाकतो, आणि सांधे सुटतात.

आणि गरम पाणी ओतायच्या आधी एक विचार करा, आत तेल आहे की पीठ? तेल असेल तर गरम पाणी कामाचं. पण बेसन, कणीक, पुरण, भाताची पेज अडकली असेल आणि तुम्ही गरम पाणी ओतलं, तर पाइपात काय शिजेल? पिठलं. हसताय, पण खरंच पिठलं होतं, आणि ते लुकणासारखं चिकटतं. पीठ गेलं असेल तर आधी थंड पाणी आणि पंप.

आता मूळ कारणाकडं येते. पाणी खारं आहे, हे आपण फक्त प्यायच्या वेळी आठवतो. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंनी दर्यापूर, अंजनगाव, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर असा हा पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जातो. घरी एक करून पाहा. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत विहिरीचं किंवा बोअरचं पाणी अर्धं भरा, दुसरीत पावसाचं धरलेलं पाणी. दोन्हींत साबणाचा चिमूटभर किस टाका आणि हलवा. पावसाच्या पाण्यात फेस उभा राहील. बोअरच्या पाण्यात पांढऱ्या कण्या तरंगतील. त्या कण्या म्हणजे जड पाण्यातल्या चुन्याशी जुळलेला साबण. तो पाण्यात विरघळत नाही, पाइपाला लागतो. त्यावर तेल, त्यावर राख, त्यावर पीठ. म्हणून जड पाण्याच्या गावात भांड्यांना वडीचा साबण कमी आणि डिटर्जंटचा बार किंवा पावडर जास्त सोयीची, तिच्या कण्या एवढ्या होत नाहीत. राखेनं भांडी घासायला माझी ना नाही, राख तेल छान उचलते. पण राखेचं पाणी मोरीत सोडू नका, ती तळाशी बसते. अंगणात घासा आणि ते पाणी उकिरड्यावर टाका.

मागच्या पिढीत मोरी इतकी तुंबत नव्हती, असं सासूबाई म्हणतात. मी आधी त्यांचं म्हणणं सोडून देत होते. मग लक्षात आलं, की त्या खरंच बोलतात. तेव्हा दारात गाय-म्हैस होती. भांड्याचं पहिलं धुवण, म्हणजे ताकाचं, भाताचं, पिठल्याचं पाणी, घमेल्यात जमा होऊन गोठ्यात जायचं. मोरीत जायचं ते दुसरं पाणी. आता गोठे रिकामे झाले आणि ते सगळं धुवण मोरीत जातं. मोरी तीच, पोट मात्र दुप्पट झालं. शिवाय तेव्हा तेल मोजून वापरायचे. आता तळण वाढलं. पाम तेल नाहीतर डालडा थंडीत थिजतो, पौषातल्या रात्री तर पाइपातच मेणबत्ती तयार होते.

म्हणून माझ्या घरी आता असं आहे. मोरीजवळ एक जुनं घमेलं आहे. ताट-पातेल्यातलं खरकटं आधी त्यात जातं, मग पहिलं विसळलेलं पाणी त्यात. शेजारी म्हैस आहे, संध्याकाळी ते तिकडं जातं. बदल्यात ताक येतं, तो व्यवहार वेगळा. तेलाची कढई आधी जुन्या कागदानं पुसायची, मग घासायची. तळणातून उरलेलं जळकं तेल मोरीत कधीच नाही, डब्यात साठवते, बिजागऱ्यांना आणि बैलगाडीच्या कण्याला लागतं. जाळी बारीक भोकांची बसवली. एवढ्यानंच अर्धं काम झालं.

अर्धंच. कारण पुढच्या वर्षी पुन्हा भाद्रपदातच पाणी तुंबलं. मला कोडं पडलं. वैशाखात लग्नाचे पाहुणे असतात, तेव्हा तुंबत नाही, मग महालक्ष्म्यांतच का? पाहुणे तर दोन्हीकडं तेवढेच.

उत्तर जमिनीत होतं. आपली काळी जमीन उन्हाळ्यात सुकून आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात ती पाणी पिऊन फुगते. आमचा पाइप गवंड्यानं एप्रिलमध्ये टाकला होता, सरळ काळ्या मातीत, खाली काही न घालता. घराखालची माती छपरामुळं कोरडीच राहते, अंगणातली भिजते. मग पावसाळ्यात अंगणाकडचं टोक वर उचललं जातं आणि उतार मोडतो. मधे पोट पडतं, त्यात पाणी साचतं, गाळ बसतो. श्रावण संपेपर्यंत माती पुरती फुगलेली असते. म्हणजे महालक्ष्म्यांच्या पंगतीचा दोष नव्हता, माहेराहून आलेल्या नणंदेचाही नव्हता. तिला मात्र आम्ही दोन वर्षं बोलत होतो, की तू भाताचं पातेलं तसंच विसळतेस.

दिवाळीनंतर आम्ही पाइप उकरला. खाली सहा इंच मुरूम घातला, वर बारीक चुरी, आणि त्यावर नवा पाइप. दोन इंची काढून तीन इंची टाकला, सांडपाण्याचा, दुकानात एस.डब्ल्यू.आर. म्हणतात तो. आम्ही घेतला त्याचे सांधे रबरी रिंगेचे आहेत, चिकटवलेले नाहीत, त्यामुळं जमीन थोडी हलली तर सांधा सहन करतो. उतार दहा फुटाला अडीच इंच. आमचं अंतर चोवीस फूट, म्हणून सहा इंच. गवंडी म्हणाला, "नजरेनं करतो न बाई, तीस वर्षं झाले." मी म्हटलं, "भाऊ, नजर मागच्या वेळीही होती." पाण्याच्या नळीची लेव्हल लावून घेतली. जिथं वळण आहे, तिथं झाकणाचा बेंड बसवला, डोअर बेंड. पुढं कधी तुंबलंच तर जमीन खणायला नको, झाकण खोलायचं आणि नळी घालायची. नवीन घर बांधताय त्यांनी हे आत्ताच लिहून ठेवा, नंतर फरशी फोडावी लागते.

आता पाणी घराबाहेर आलं, पुढं कुठं जाणार? ह्याच्यावरून किती भांडणं होतात, ते तुम्हाला माहीत आहे. आमचं पाणी शेजारच्या वहिनींच्या दारासमोरून जायचं. दोन घरांत पाच वर्षं हळदीकुंकू बंद होतं. त्यांच्या दारात डबकं, त्यात डास. सांडपाण्याच्या डबक्यात वाढणारा क्युलेक्स डास हत्तीपायाचा आजार पसरवतो, आणि तो आजार विदर्भाच्या कित्येक जिल्ह्यांत जुना आहे. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे कुठंही पाणी आठवडाभर साचू दिलं नाही, तर त्याची पिढीच होत नाही.

नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचं गाव आहे. तिथं घरोघरी शोषखड्डे केले, उघड्या नाल्या बंद झाल्या आणि डास गेले. मग नांदेड जिल्ह्यात गावोगावी तसं काम झालं. चार फूट लांब, रुंद, खोल खड्डा, मधे वरच्या बाजूला भोकं असलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. गाळ टाकीच्या तळाशी बसतो, वरचं पाणी भोकांतून दगडांत जाऊन जिरतं. टाकी भरली की गाळ काढायचा, दगड काढायची गरज नाही. शोषखड्डा रोजगार हमीतून घेता येतो, ग्रामपंचायतीत नाव द्या.

पण आपल्याकडं आंधळेपणानं करू नका. काळी चिकण माती पाणी लवकर पीत नाही, आणि साबण-सोड्याच्या खाऱ्या पाण्यानं ती आणखी चिकट होऊन बसते. आधी फूटभर खड्डा करा, रात्रभर पाणी भरून ठेवा. सकाळी परत भरा आणि काठी रोवून पाहा, एक इंच पाणी जिरायला किती वेळ लागतो. तासाभरापेक्षा जास्त लागला, तर तिथं शोषखड्डा डबकंच होणार. काही ठिकाणी चार-पाच फुटांवर मुरूम लागतो, मग तेवढं खोल जा. पूर्णाकाठी मुरूम फार खोल असतो, तिथं पाणी गाळ-टाकीतून परसबागेत पसरवणं बरं. केळी, कर्दळ, धोपा. धोप्याच्या वड्या करताना पानं चांगली धुऊन शिजवून घ्या, आणि कच्ची खायची कोथिंबीर, मुळा त्या पाण्यावर लावू नका. विहीर-बोअरपासून पन्नास फूट लांब आणि घराच्या पायापासूनही दूर, काळ्या जमिनीत तर विशेष. पायाशी पाणी मुरलं की भिंतीला भेग.

आमच्या अंगणात साडेचार फुटांवर मुरूम लागला. वहिनींच्या आणि आमच्या कुंपणावर एकच खड्डा केला, निम्मा खर्च त्यांचा. बोलणं आधी दगडांच्या ट्रॉलीवरून सुरू झालं, मग बाकीचं.

एक गोष्ट राहिली. गाळात हात घालायचा म्हटलं की कित्येक घरांत अजून गावाच्या एका ठरावीक आळीतल्या माणसाला बोलावतात, पैसे लांबून टाकतात, आणि त्याला पाणीसुद्धा वेगळ्या तांब्यानं देतात. आपण राहतो ते गाडगेबाबांच्या मुलखात. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामाकडं वाढलेले, १९५६ साली वलगावला गेलेले. गावात शिरल्यावर ते आधी खराटा घेऊन रस्ते-नाल्या साफ करत, कीर्तन रात्री. त्यांच्या नावानं राज्यात २००० सालापासून ग्रामस्वच्छता अभियान झालं, आपण बक्षिसांचे फोटोही काढले. आपल्या खरकट्याचा गाळ आपण काढायला काय हरकत आहे? आणि माणसांनाही लावायचं, फक्त बायांनी का? आमच्या घरी डोअर बेंड खोलायचं काम आता ह्यांच्याकडं आहे. संडासच्या टाकीची गोष्ट मात्र वेगळी. तिच्यात कोणालाही उतरवू नका, कितीही पैसे देऊन नाही. आतला वायू माणसाला मिनिटभरात बेशुद्ध करतो, वाचवायला उतरलेलाही जातो. २०१३ च्या कायद्यानं ते गुन्हाच आहे. तिच्यासाठी मशीनची गाडी बोलवायची.

आमच्या गटानं आता एक पेटी केली आहे. तिच्यात रबरी पंप, पन्नास फूट ठिबकची नळी, नळाला जोडायचा सांधा, जाड रबरी मोज्यांच्या दोन जोड्या, डोळ्यांवरचा चष्मा, वायसर आणि लेव्हलची नळी आहे. ती सचिवाच्या घरी असते, वहीत नाव लिहून न्यायची आणि धुऊन परत द्यायची. मागच्या आठवड्यात पेटी परत आली तेव्हा एका हाताचा मोजा नव्हता. ज्या बाईकडं राहिला असेल, ती ऐकत असेलच.